निरोप कुठवर पोचतो? : लॅनवरचे खेळ आणि त्यांची न होणारी जोडणी

पुण्याहून भूगाव, पिरंगुट अशी गावे मागे टाकून लवासाच्या रस्त्याला लागले, की टेमघर धरणाच्या अलीकडे मुळशी तालुक्यातले मुठा हे गाव लागते. टेमघरहून येणारी मुठा नदी या खोऱ्यातून उतरत पुढे खडकवासल्याच्या जलाशयाला मिळते. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना सह्याद्रीचे फाटे आहेत. मोबाईलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि टॉवर व फोन यांच्यामध्ये डोंगराची सोंड आली की त्या क्षीण होतात, हे अशा कोणत्याही खोऱ्यातल्या रहिवाशाला समजावून सांगावे लागत नाही. उलट ‘रेंज नाही’ हे कारण तिथे इतके अंगवळणी पडलेले असते, की एकाच घरातल्या दोन संगणकांवर एकत्र खेळायचा खेळ जुळला नाही तरी खापर रेंजवरच फुटते. हे निदान जवळजवळ नेहमी चुकीचे असते, कारण त्या खेळाचा आणि रेंजचा संबंधच नसतो.

एका घरातली, शाळेतली किंवा वसतिगृहातली यंत्रे तारेने अथवा वायफायने परस्परांना जोडून जे मर्यादित जाळे तयार होते, त्याला लोकल एरिया नेटवर्क किंवा रूढ भाषेत लॅन म्हणतात. या जाळ्याला इंटरनेटची गरज नसते. राउटरच्या मागची बाहेरची तार उपसून ठेवली तरी आतली यंत्रे एकमेकांशी बोलत राहतात. लॅनवर खेळताना एक यंत्र सर्व्हर बनते, म्हणजे खेळाची खरी स्थिती, कोण कुठे उभा आहे, कोणाची गोळी कोणाला लागली, याचा हिशेब तेच ठेवते आणि बाकीची यंत्रे, ज्यांना क्लायंट म्हणतात, ती आपल्या खेळाडूची हालचाल त्याला कळवतात आणि निकाल त्याच्याकडून घेतात. यात लॅनचा लाभ केवळ डेटा वाचण्याचा नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर जाऊन-येऊन सुमारे आठ हजार किलोमीटरचे अंतर पडते आणि त्याला कोणतेही यंत्र कितीही वेगवान असले तरी ४० मिलिसेकंदांहून कमी वेळ लागू शकत नाही. प्रत्यक्षात वाटेतल्या यंत्रणांमुळे तो वेळ आणखी वाढतो. घरातल्या तारेच्या लॅनवर हाच फेरा सहसा एका मिलिसेकंदाच्या आत पुरा होतो.

या प्रकारच्या खेळाचा इतिहास इंटरनेटच्या घरोघरी प्रसाराहून जुना आहे. १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झालेला ‘डूम’ चार खेळाडूंना एका लॅनवर खेळू देत असे, पण त्याची पहिली आवृत्ती प्रत्येक निरोप जाळ्यावरच्या सर्वच यंत्रांना पाठवत असल्यामुळे ज्यांचा खेळाशी काडीचा संबंध नाही अशा संगणकांनाही तो उघडून टाकून द्यावा लागे, आणि काही विद्यापीठांना व कंपन्यांना आपल्या जाळ्यावर त्याला मनाई करावी लागली. पुढच्या आवृत्तीत हा दोष दूर झाला. १९९६ च्या ‘क्वेक’ने सर्व्हर आणि क्लायंट यांची आज रुळलेली विभागणी लोकप्रिय केली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले, तरी पुढची कित्येक वर्षे ते टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत चालत असल्याने पुण्या-मुंबईतल्या तरुणांना एकत्र खेळण्याची खरी सोय सायबर कॅफेतल्या आणि महाविद्यालयीन वसतिगृहांतल्या लॅननेच दिली. ‘काउंटर स्ट्राइक’ या खेळाची २००३ सालची १.६ ही आवृत्ती त्या पिढीची खूण ठरली. मार्च २००७ मध्ये पवईच्या आयआयटीने वसतिगृहांतले इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा रात्ररात्र चालणारे खेळ हेही त्याचे एक कारण सांगितले गेले होते. तांत्रिक अंगाने पाहता इंटरनेट तोडल्याने लॅनवरचा खेळ थांबत नाही. त्यासाठी इमारतीतले स्विच, म्हणजे संगणकांच्या तारा एकत्र जोडणारी यंत्रेच, बंद करावे लागतात.

जोडणी का होत नाही, हे शोधण्याआधी ती कशी होते हे पाहणे आवश्यक आहे. लॅनवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो आणि तो १९२.१६८.१.५ असा चार अंकांनी लिहिला जातो. फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलेल्या संकेतानुसार १० ने, १९२.१६८ ने आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतच्या अंकांनी सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे मुठ्यातल्या एका घरातला आणि नागपुरातल्या दुसऱ्या घरातला पत्ता अगदी एकच असू शकतो आणि त्याने काही बिघडत नाही. पत्त्यासोबत सबनेट मास्क नावाचा आणखी एक आकडा असतो. तो २५५.२५५.२५५.० असेल, तर पत्त्याचे पहिले तीन अंक जाळे दाखवतात आणि शेवटचा अंक यंत्र दाखवतो, म्हणजे १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.२० ही एका जाळ्यातली यंत्रे, पण १९२.१६८.०.२० हे परक्या जाळ्यातले. एका यंत्रावर अनेक कामे एकाच वेळी चालू असल्याने आलेला निरोप कोणत्या कामासाठी आहे हे ओळखण्यासाठी पोर्ट नावाचा क्रमांक वापरला जातो. काउंटर स्ट्राइकचा सर्व्हर सहसा २७०१५ या पोर्टवर ऐकतो, माइनक्राफ्टच्या संगणकावरील जावा आवृत्तीचा स्वतंत्र सर्व्हर २५५६५ वर आणि त्याच खेळाची फोनवर चालणारी बेडरॉक आवृत्ती १९१३२ वर.

खेळाडू ‘लॅन’ या बटणावर टिचकी मारतो तेव्हा सर्व्हरची यादी आपोआप भरते, पण ती भरते कशी हे फार थोड्यांना ठाऊक असते. क्लायंट अख्ख्या जाळ्याला उद्देशून एक पुकारा करतो आणि जो सर्व्हर तो ऐकेल तो उत्तर देतो. काही खेळांत, उदाहरणार्थ माइनक्राफ्टच्या ‘ओपन टू लॅन’ या सोयीत, सर्व्हर स्वतःच ठराविक अंतराने आपल्या अस्तित्वाची घोषणा करत राहतो. पहिल्या प्रकाराला ब्रॉडकास्ट म्हणतात, दुसऱ्यात मल्टिकास्ट ही त्याचीच थोडी निवडक जात वापरली जाते. दोन्ही पुकारे गावातल्या दवंडीसारखे आहेत: गावात ती सर्वांना ऐकू जाते, पण वेशीपाशी थांबते. राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही, आणि देऊही नये, नाहीतर डूमच्या वेळी झाले तेच जगभर होईल.

म्हणून शोधाचा पहिला प्रश्न असा असायला हवा, की सर्व्हर यादीत दिसत नाही, की दिसूनही जोडणी होत नाही. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्या एक मानल्यामुळे जितका वेळ वाया जातो तितका इतर कशानेही जात नसेल. यादी रिकामी असणे म्हणजे फक्त पुकारा पोचला नाही एवढेच. सर्व्हर धडधाकट असू शकतो. अशा वेळी यादीच्या भानगडीत न पडता सर्व्हरचा पत्ता हाताने टाइप करावा. काउंटर स्ट्राइकमध्ये कन्सोल उघडून ‘कनेक्ट’ या शब्दापुढे पत्ता आणि पोर्ट लिहिता येतो, माइनक्राफ्टमध्ये ‘डायरेक्ट कनेक्शन’ची सोय आहे. मात्र माइनक्राफ्टमध्ये चालू खेळ लॅनसाठी उघडला, तर पोर्ट नेहमीचा २५५६५ नसून सहसा दर वेळी नवा निवडला जातो आणि तो त्याच क्षणी पडद्यावर दाखवला जातो, हे लक्षात ठेवावे लागते. हाताने टाइप केल्यावर खेळ जुळला तर दोष केवळ पुकाऱ्याचा, आणि त्या दिवसापुरते तरी काम झालेले असते.

तेही जमले नाही, तर सर्वात आधी दोन्ही यंत्रे खरोखर एकाच जाळ्यात आहेत का, हे पाहावे. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की पत्ता आणि मास्क दिसतो. फोनमध्ये तो वायफायच्या सेटिंगमध्ये मिळतो. घर एक, वायफाय एक, म्हणजे जाळेही एकच असणार हा समज इथे वारंवार खोटा ठरतो. ब्रॉडबँड देणाऱ्याने बसवलेल्या राउटरची लहर आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून लोक दुसरा राउटर आणतात आणि त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत पहिल्याची तार खुपसतात. इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही; पण दुसऱ्या राउटरने आपले स्वतंत्र जाळे थाटलेले असते आणि ओसरीवरचा संगणक १९२.१६८.१ मध्ये तर माजघरातला १९२.१६८.० मध्ये राहू लागतो. उपाय सोपा आहे: तार ‘लॅन’च्या खाचेत घालावी आणि दुसऱ्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय, जिला डीएचसीपी म्हणतात, ती बंद करावी, म्हणजे तो निव्वळ लहर पुढे नेणारे यंत्र होतो. एकाने घराचे वायफाय आणि दुसऱ्याने चुकून फोनचा हॉटस्पॉट पकडणे, किंवा एकाने पाहुण्यांसाठीचे ‘गेस्ट’ वायफाय निवडणे, हे त्याच दोषाचे धाकटे भाऊ.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला पत्ता वाटणारा कोणी भेटलाच नाही आणि त्याने आपल्या मनाने एक घेतला, असा त्याचा अर्थ. यात एक गंमत आहे. राउटर नसलेल्या साध्या स्विचला सगळेच संगणक जोडले तर सगळेच असे स्वघोषित पत्ते घेतात, आणि ते एकाच जाळ्यात मोडत असल्याने खेळ बिनदिक्कत चालतो. अडचण होते ती एकाचा पत्ता १६९.२५४ चा आणि इतरांचे १९२.१६८ चे असले तर. पत्ता न मिळण्यामागे बहुधा तारेचा दोष असतो. तारेत आठ बारीक तारा असतात, त्यांपैकी सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीला चारच लागतात, म्हणून जॅक नीट क्रिंप केलेला नसला तरी जोडणी कशीबशी होते आणि मग मधूनच तुटते. खेळाला वेगाची भूक फारच कमी असते, जुन्या खेळांना तर खेळाडूमागे सेकंदाला काही किलोबाइट पुरतात, त्यामुळे ‘महागडी तार आणा’ या सल्ल्यापेक्षा जॅक पुन्हा क्रिंप करणे अधिक शहाणपणाचे. तांब्याच्या तारेची मर्यादा मात्र १०० मीटर आहे आणि ती पाळावी. दोन घरांच्या मध्ये उघड्यावरून अशी तार ताणणे वळवाच्या दिवसांत धोक्याचे असते, कारण जवळपास वीज पडली तर तारेत उसळणारा दाब दोन्ही टोकांची यंत्रे जाळू शकतो. तिथे काचतंतू किंवा बिनतारी दुवा बरा. बिनतारी लहरींचेही आपले स्वभाव आहेत. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण भिंतींपुढे लवकर हार मानणारी, २.४ गिगाहर्ट्झची संथ पण लांब जाणारी. काळ्या दगडाच्या जाड भिंती दोघींनाही जड जातात आणि पत्र्याची भिंत तर लहर परतूनच लावते.

पत्ते एकाच जाळ्यातले असूनही संवाद होत नसेल, तर संशय राउटरच्या एका सोयीकडे वळवावा लागतो. तिला कुठे ‘एपी आयसोलेशन’, कुठे ‘क्लायंट आयसोलेशन’ म्हणतात. ती चालू असली की वायफायवरचे प्रत्येक यंत्र इंटरनेटशी बोलू शकते पण शेजारच्या यंत्राशी नाही. महाविद्यालयांची, हॉटेलांची आणि सार्वजनिक वायफायची जाळी सुरक्षिततेसाठी ती हटकून चालू ठेवतात आणि ते योग्यच आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेतल्यासारख्या सार्वजनिक वायफायवर दोन अनोळखी ग्राहकांचे फोन एकमेकांना दिसू नयेत, हीच अपेक्षा असते. अशा ठिकाणी सर्व्हर शोधत बसण्यापेक्षा आपला हॉटस्पॉट सुरू करणे चांगले.

हॉटस्पॉट हे खोऱ्यातल्या गावासाठी सर्वात सोयीचे लॅन आहे, कारण त्याला ना राउटर लागतो ना रेंज. फोनमधला मोबाईल डेटा पूर्ण बंद असला तरी बहुतेक फोनांवर हॉटस्पॉट सुरू करता येतो आणि त्यावर आलेली यंत्रे एका जाळ्यात येतात. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत हॉटस्पॉट देणाऱ्या फोनचा पत्ता ठरलेला, १९२.१६८.४३.१, असे, नव्या आवृत्त्यांत तो बदलता असतो. आयफोनचा पत्ता १७२.२०.१०.१ असतो. पण नेमके इथेच रेंज नसण्याचा एक आडवळणाचा उपद्रव होतो. अँड्रॉइड फोन वायफायला जोडला की त्या वायफायवरून इंटरनेट पोचते का हे तपासतो आणि पोचत नसेल तर ते वायफाय निकामी समजून निरोप मोबाईल डेटावरून पाठवू लागतो. वायफायचे चिन्ह पडद्यावर दिसत राहते, खेळाडूला सारे ठीक वाटते आणि खेळाचे निरोप मात्र टॉवरच्या दिशेने निघालेले असतात. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का’ असा प्रश्न फोनने विचारला तर होकार द्यावा किंवा खेळ संपेपर्यंत क्लायंट फोनांचा मोबाईल डेटा बंद ठेवावा, म्हणजे त्यांना दुसरी वाटच उरत नाही.

यापुढचा टप्पा निरोप कुठे अडतो हे पाहण्याचा आहे आणि त्यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा प्रसिद्ध आहे. ती समोरच्या यंत्राला छोटा निरोप पाठवून उत्तराची वाट पाहते आणि लागलेला वेळ मोजते. उत्तर आले तर वाट मोकळी आहे हे निश्चित. पण उत्तर आले नाही तर वाट बंद आहे, असे मात्र सिद्ध होत नाही, कारण विंडोजचा फायरवॉल, म्हणजे यंत्रात येणाऱ्या निरोपांची छाननी करणारी व्यवस्था, पिंगला उत्तर देणेच अनेकदा नाकारतो. अशा वेळी पिंग करून लगेच ‘एआरपी’च्या नोंदी पाहाव्यात. एका लॅनवर निरोप पाठवण्याआधी प्रत्येक यंत्राला समोरच्या यंत्राच्या जाळेपट्टीचा, म्हणजे नेटवर्क कार्डाचा, कारखान्यात कोरलेला क्रमांक विचारून घ्यावा लागतो, आणि ही विचारपूस, म्हणजेच एआरपी, फायरवॉलच्या छाननीखालून चालते. पिंग मुका राहिला पण एआरपीच्या यादीत सर्व्हरच्या पत्त्यापुढे तो क्रमांक उमटला, तर तार, वायफाय आणि पत्ते यांना दोषमुक्त करून सगळा शोध सर्व्हरच्या यंत्रात आणता येतो. इतका उपयुक्त पुरावा इतक्या कमी कष्टात क्वचितच मिळतो, आणि तरी त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

खेळाने दिलेला त्रुटीचा संदेश हाही पुरावाच असतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ हे दोन संदेश सारखेच निराशाजनक वाटतात, पण त्यांचे अर्थ जवळजवळ विरुद्ध आहेत. टीसीपी या पद्धतीत बोलणे सुरू करण्याआधी परवानगी मागितली जाते. त्या पोर्टवर कोणी ऐकत नसेल तर समोरचे यंत्र तत्काळ नकार कळवते. नकार आला, म्हणजे निरोप त्या यंत्रापर्यंत पोचला, फक्त सर्व्हर चालू नाही किंवा पोर्ट चुकला. मुदत संपली, म्हणजे कोणीच काही बोलले नाही: पत्ता चुकला, यंत्र जाळ्यात नाही किंवा फायरवॉलने निरोप गुपचूप टाकून दिला. वेगवान खेळ बहुधा यूडीपी ही दुसरी पद्धत वापरतात आणि तिच्यात परवानगीचा विधीच नसल्याने हा भेद तितका स्पष्ट उमटत नाही.

सर्व्हरच्या यंत्रावर तपास करताना क्रम आतून बाहेर असावा. आधी त्याच यंत्रावरून १२७.०.०.१ या पत्त्याला जोडून पाहावे. हा पत्ता जगातल्या प्रत्येक यंत्रासाठी ‘मी स्वतः’ असा असतो. मग त्याच यंत्रावरून त्याचा लॅनवरचा पत्ता वापरून जोडावे. पहिले जमले आणि दुसरे जमले नाही, तर सर्व्हर फक्त स्वतःपुरताच ऐकत आहे. ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा हे उघडे पाडते: पोर्टच्या आधी ०.०.०.० दिसले तर सर्व्हर सर्व वाटांनी ऐकतो, १२७.०.०.१ दिसले तर बाहेरच्या कोणाचेच ऐकत नाही. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीपीएनसारखी सॉफ्टवेअर संगणकात स्वतःची आभासी जाळेपट्टी बसवतात, आणि खेळ कधी कधी तीच खरी समजतो, १९२.१६८.५६.१ असा पत्ता दिसला तर तो बहुधा व्हर्च्युअलबॉक्सचा असतो. तेवढ्यापुरती ती पट्टी बंद केली की गुंता सुटतो.

मग येतो फायरवॉल. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून तो मुळातच चालू स्थितीत येऊ लागला. सर्व्हर प्रथम सुरू होतो तेव्हा परवानगी विचारणारी खिडकी उघडते आणि घाईत असलेला खेळाडू ती ‘कॅन्सल’ म्हणून घालवतो. याने खिडकी जाते, पण मागे त्या प्रोग्रामला मज्जाव करणारा नियम लिहिला जातो, आणि विंडोजमध्ये मज्जावाचा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो; म्हणून नंतर कितीही परवानग्या जोडल्या तरी तो जुना नियम शोधून काढेपर्यंत काहीच बदलत नाही. माइनक्राफ्टच्या बाबतीत परवानगी खेळाच्या नावावर नसून तो ज्यावर चालतो त्या जावाच्या नावावर द्यावी लागते, हेही अनेकांच्या नजरेतून सुटते. शिवाय विंडोज प्रत्येक जाळ्याला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा दर्जा देते आणि अनोळखी जाळ्याला सहसा पब्लिक मानून कडक वागते. घरचे जाळे प्रायव्हेट केले की बऱ्याच तक्रारी त्याच क्षणी मिटतात. ‘फायरवॉल बंद करून टाका’ हा सर्वात लोकप्रिय सल्ला आळशीपणाचा आहे. दोष तिथे आहे का हे पाहण्यासाठी तो मिनिटभर बंद करणे क्षम्य. तो तसाच बंद ठेवून नंतर त्याच लॅपटॉपने महाविद्यालयाचे वायफाय वापरणे क्षम्य नाही.

इथवर सारे नीट असूनही काल चाललेला खेळ आज चालत नाही, असे ग्रामीण भागात वारंवार घडते आणि त्याचे कारण पुष्कळदा वीज असते. लाइट गेली, राउटर बंद पडला, लाइट आल्यावर यंत्रे वेगळ्या क्रमाने जोडली गेली आणि राउटरने पत्ते नव्याने वाटले, काल १९२.१६८.१.५ वर असलेला सर्व्हर आज १९२.१६८.१.८ वर असतो आणि खेळाडू कालचाच पत्ता टाइप करत राहतात. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवला की हा त्रास कायमचा संपतो. राउटरला छोटा यूपीएस लावला तर लॅपटॉपवर चालणारा खेळ लाइट गेल्याचीही फिकीर करत नाही.

लॅनला इंटरनेट लागत नाही, या सुरुवातीच्या विधानाला एक अपवाद नोंदवणे भाग आहे, आणि तो तंत्राचा नसून व्यापाराचा आहे. माइनक्राफ्टचा स्वतंत्र सर्व्हर ‘ऑनलाइन मोड’मध्ये असेल तर प्रत्येक खेळाडूची ओळख तो कंपनीच्या दूरच्या यंत्रणेकडून पडताळून घेतो, आणि इंटरनेट नसेल तर शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या खेळाडूलाही परत पाठवतो. बाहेरच्या कोणालाही पोचता येणार नाही अशा बंद जाळ्यात हा मोड काढून ठेवता येतो. उघड्या सर्व्हरवर मात्र तसे केले तर कोणीही कोणाच्याही नावाने आत येऊ शकतो. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले खेळ इंटरनेटविना चालवायचे, तर स्टीमचा ऑफलाइन मोड रेंज असलेल्या ठिकाणीच एकदा सुरू करून खात्री करून घेतलेली बरी. खेळाच्या आवृत्त्या भिन्न असणे हे आणखी एक साधे कारण. एकाच्या फोनने परवा अद्ययावत आवृत्ती घेतली, दुसऱ्याने नाही, आणि सर्व्हर दोघांपैकी एकाला नाकारतो.

शेवटी पुण्यात राहणारा चुलतभाऊ मुठ्यातल्या सर्व्हरवर खेळू इच्छितो, तेव्हा प्रश्न लॅनचा राहत नाही, पण तो लॅनचाच समजून सोडवण्याची धडपड केली जाते. भावाला १९२.१६८ चा पत्ता कळवून उपयोग नसतो, कारण तो पत्ता त्याच्या घरातल्याच एखाद्या यंत्राचा असेल. उलट घरातल्याच खेळाडूने राउटरचा बाहेरचा पत्ता वापरला तर अनेक राउटर तो निरोप परत आत वळवत नाहीत, आणि वळवला तरी फक्त लॅनपुरता चालवलेला काउंटर स्ट्राइकचा सर्व्हर ‘लॅन सर्व्हर्स आर रिस्ट्रिक्टेड टू लोकल क्लायंट्स’ असे बजावून परक्या पत्त्याला बाहेर ठेवू शकतो. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची नोंद करून बाहेरचा निरोप सर्व्हरकडे वळवता येतो खरा. परंतु मोबाईल आणि पुष्कळशा ब्रॉडबँड कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल, तर ती नोंद कितीही वेळा केली तरी व्यर्थ, कारण अडवणारे यंत्र घरात नसून कंपनीच्या इमारतीत आहे. तिथे कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घेणे, दोन्हीकडे आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत असेल आणि खेळाला ती समजत असेल तर ती वापरणे किंवा दोन घरांत आभासी लॅन उभारणारे सॉफ्टवेअर बसवणे, एवढेच मार्ग उरतात. आभासी लॅनवर ब्रॉडकास्ट पोचेलच असे नाही, म्हणून तिथे सर्व्हरचा पत्ता हाताने टाइप करावा लागतो, आणि तो राउटरने दिलेला नव्हे तर त्या सॉफ्टवेअरने दिलेला असावा लागतो.